उपासाला न चालणारं औषध

मला लहानपणापासून वरण आवडत नाही. माझा सगळा आजार या एका वाक्यात मावतो, पण ते कळायला माझं लग्न, बाळंतपण आणि हैदराबादचा दवाखाना, एवढं सगळं व्हावं लागलं.

बोरीला माहेरी मला नखरेल म्हणत. डाळ शिजायला लागली की मला मळमळायचं. दूध प्यायलं की डोकं दुखायचं. घरात कोंबडी शिजली की मी भाकरी-ठेचा घेऊन ओट्यावर जाऊन बसायची. माय म्हणायची, "ह्या पोरीला सासू लय वंगाळ मिळणार बघा." सासर मिळालं मानवतचं, आणि सासू वंगाळ नव्हती, कडक होती. मालक एस.टी.त कंडक्टर. घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासूला मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा, म्हणून इथेही तसंच लिहिते.

हा आजार फार थोड्यांना होतो. ज्यांना होतो त्यांच्या घरात तो वेड, बाहेरची बाधा नाहीतर नखरे या नावानं ओळखला जातो. कुणाच्या घरात अशी नखरेल मुलगी असेल तर तिच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं शास्त्र डॉक्टर सांगतील. मी घरातलं सांगते.

मायेचा खुराक

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. उन्हाळ्यात बोरीला मला मुलगी झाली, उज्ज्वला. माझ्या पाठचे दोन भाऊ जन्मले आणि पाचवी पुजायच्या आतच गेले होते. मायला मी एकटीच राहिलेली, त्यामुळे माझं बाळंतपण म्हणजे तिचा सण होता. डिंकाचे लाडू, दुधातली अळिवाची खीर, तुपाची धार धरलेलं वरण आणि एक दिवसाआड पायाचा रस्सा. मी नाक मुरडलं की ती म्हणायची, "खाय माय. तू न्हाई खाल्लंस तर लेकराला दूध कुठून येईल?"

लेकराचं नाव काढल्यावर काय बोलणार? नाक दाबून मी सगळं खाल्लं. आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं इतकं डाळ, दूध, मटण मी त्या दिवसांत खाल्लं.

बारसं झालं आणि माझं बोलणं बिघडलं. इथून पुढचं मला आठवत नाही, सांगितलेलं माहीत आहे. मी दिवसा झोपायची, उठले की ओकायची, मायला "बाई, तुमी कोण?" म्हणायची. एका दुपारी मी उजूला सुपात घातलं, सूप अंगणात उन्हात ठेवलं आणि अनवाणी जिंतूरच्या रस्त्यानं चालू लागले. एका गाडीवानानं ओळखून मला परत आणलं. उजू तोवर लालबुंद होऊन रडत होती. शेजारणीनं उचलली म्हणून वाचली.

कुणी बाळंतवात म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. लिंबू उतरवले, अंगारा लावला. मग एका डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी आणखी मलूल झाले, आणि मी मलूल झाले म्हणून मायनं दूध वाढवलं.

मानवतहून मालक, मामा आणि आत्याबाई आले. आत्याबाईंनी मला पाहिलं, मग सुपाची हकिकत ऐकली आणि उजूला पदराखाली घेतलं. "लेकरू आमी नेतो," त्या मायला म्हणाल्या. "तुमच्या पोरीच्या हाती आता लेकरू द्यायचं न्हाई."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण हे वाक्य मला नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा जे आत तुटलं, ते आजाराहून जास्त दुखलं.

मामांची दुभाषेगिरी

परभणीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि हैदराबादला न्यायला सांगितलं. मालकांनी रजा टाकली. मामा सोबत निघाले, कारण मामा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. आत्याबाई उजूला घेऊन मानवतला. रेल्वेत मी शुद्धीवर नव्हतेच.

मोठ्या दवाखान्यात नेल्यावर त्यांनी तोंडानं खाणं बंद केलं आणि साखरेच्या पाण्याची सलाईन लावली. दोन-तीन दिवसांत मी डोळे उघडले. छताला पंखा होता, कुठूनतरी अजान ऐकू येत होती आणि पायथ्याशी माझे सासरे उर्दू वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी लगेच पदर शोधू लागले. तेव्हा माझ्याकडे न बघता मामा खिडकीला म्हणाले, "शुद्धीवर आली."

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नाही, सासरे सुनेकडे बघत नाहीत. लग्न झाल्यापासून मामा माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. आता डॉक्टर बोलणार दखनी उर्दू, मला येणार बोरीची मराठी, आणि मालकांना तिकिटापुरतं हिंदी. त्यामुळे डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न मामांच्या तोंडून यायचा, आणि डॉक्टर काय विचारतील याचा नेम नव्हता. लघवी कशी होते, शौच कसं होतं, विटाळ कधी गेला. मामा कपाळाचा घाम पुसत सलाईनच्या दांडीला विचारायचे, "डॉक्टरसाहेब विचारायलेत की..." आणि मी उत्तर उशीला द्यायची. मालक मध्ये उभं राहून हसू दाबायचे. अशा वेळीही माणूस हसतो, हे मला तिथं कळलं.

मी शुद्धीवर आले म्हणून सगळ्यांना आनंद झाला आणि आनंदात मला दूध-पाव आणि डाळ-खिचडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बरळायला लागले. यावरूनच डॉक्टरांच्या डोक्यात काहीतरी आलं. पुन्हा सलाईन, पुन्हा शुद्ध. मग ते खाटेवर बसले आणि त्यांनी विचारलं, "बच्ची, घर में क्या क्या नक्को बोलती तू?"

कुणी मला काय आवडत नाही हे पहिल्यांदाच न रागावता विचारत होतं. मी सांगितलं, मामांनी उर्दूत सांगितलं. वरण, दूध, अंडी, मटण. डॉक्टर मान हलवत राहिले. मग विचारलं, "मां के लड़के गुजरे क्या, पैदा होते ही?"

मामांनी ते मराठीत सांगितलंच नाही, ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. प्रश्न मला कळला होता. मी मान डोलावली.

रक्त काढलं, बर्फात ठेवलं आणि एक माणूस ते घेऊन अक्षरशः पळत गेला. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं. डाळ, दूध, मटण यांतली प्रथिनं पचताना शरीरात एक विष तयार होतं, त्याला अमोनिया म्हणतात. निरोगी माणूस त्याचा युरिया करून लघवीतून टाकून देतो. माझ्या शरीरात युरिया करणारं काम जन्मापासून अधू आहे. थोडं खाल्लं तर निभतं. बाळंतपणाचा ताण आणि वरून मायचा खुराक, म्हणून विष मेंदूपर्यंत गेलं.

मामा गोंधळले. "युरिया म्हणजे, साहेब, खेत में डालते वो?"

"वहीच," डॉक्टर म्हणाले.

मामांनी बराच विचार केला आणि मालकांना म्हणाले, "आपण पोत्यानं विकत आणायलोत अन् हिला घरी करता येईना."

वेड नाही, बाधा नाही. त्या रात्री मी लहान मुलीसारखी रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं.

एक गोष्ट डॉक्टरांनी निघताना मुद्दाम सांगितली. हा दोष बहुधा आईकडून येतो, मुलग्यांना तो फार जड जातो, पण त्यात आईची चूक काही नसते. पुढे माय मानवतला भेटायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. माझ्या आजीनं आयुष्यभर मायला पोरं खाणारी म्हणून हिणवलं होतं. माय खाली भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "म्हंजी मी काई केलं न्हाई?"

"न्हाई माय. तू काईच केलं न्हाईस."

ती उठली, तोंड धुतलं आणि चहा टाकला. घरी जाताना तिनं आपणहून आत्याबाईंना विचारलं की मला आता काय खायला द्यायचं.

पांढरी पूड

औषध म्हणजे पांढरी पूड, सोडियम बेंझोएट. डॉक्टरांनी माझ्या वजनावर हिशेब करून पुड्या बांधून दिल्या. जेवणासोबत दिवसातून तीनदा, भरपूर पाण्यात. सुरुवातीला खारट, मग गुळमट, मग घशाला ओरखडे काढणारी. सुरुवातीचे दिवस मी ती प्यायची आणि अर्धी ओकायची. नंतर युक्ती सापडली. गार पाणी, वर लिंबू पिळायचं आणि मागून गुळाचा खडा. ज्यांना ही पूड सुरू होईल त्यांनी डॉक्टरांना विचारून हे करून बघावं.

परभणीला पूड मिळेना. हैदराबादहून येणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर चिठ्ठी दाखवून ती घ्यायचे आणि मालकांच्या हाती द्यायचे. पुढे परभणीच्या एका औषध दुकानदारानं मागवून द्यायचं कबूल केलं. चिठ्ठी वाचून तो हसला. "वहिनी, हे तर लोणचं टिकावं म्हणून घालतेत."

मी म्हटलं, "मग मीबी टिकेन की."

बाजारातली लोणच्याची पूड मात्र घ्यायची नाही, औषधाचीच घ्यायची, आणि मात्रा डॉक्टर सांगतील तीच, हे मामांनी मला खिडकीमार्फत पुन्हा पुन्हा बजावलं होतं. जेवणात भात, मोजकी भाकरी, भाज्या, तूप, गूळ. डाळ, दूध, अंडी, मटण बंद. मला यात काही जड नव्हतं. आयुष्यभर ज्याला नखरे म्हणत होते तेच आता पथ्य झालं होतं.

माझं डोकं स्वच्छ झालं. हिशेब जमू लागले, गाणी आठवू लागली. उजू मात्र माझी झाली नव्हती.

ती शेळीच्या दुधावर आणि आत्याबाईंच्या मांडीवर वाढत होती. मी तिला घेतलं की आत्याबाई हातातलं काम घेऊन दारात येऊन बसायच्या. गहू निवडतायत, वाती वळतायत, पण डोळा माझ्या हातांवर. मी न्हाणीत गेले तर उजूला सोबत नेता यायचं नाही. शेतातली कामं सोडून त्या घरी थांबल्या होत्या, फक्त एवढ्यासाठी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. तरी उजू रडली की मी आधी त्यांच्याकडे बघायची आणि त्यांनी मान हलवली तरच तिला उचलायची. पोटची पोर मी उसनी मागून घेत होते.

मालकांना एकदा म्हटलं, "तुमी सांगा ना आत्याबाईला."

ते म्हणाले, "सांगून काय उपेग? सुपाचं ऐकल्यापासून त्यांच्या डोळ्यापुढून ते जाईना. तुला ते आठवतबी न्हाई."

नवरात्र

आश्विन आला. मी हैदराबादला होते तेव्हा आत्याबाईंनी देवीला बोलून ठेवलं होतं की सून घरी चालत आली तर ती घटाचे नऊ दिवस उपास करेल. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला गहिवरून आलं. ज्या बाईनं माझं लेकरू नेलं तिनं माझ्यासाठी नवस बोलला होता. आणि उपास म्हणजे हलकं खाणं. डॉक्टरही हलकंच खा म्हणाले होते. कुणाच्याच मनात शंका आली नाही.

आमच्याकडे उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी करतात. साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट, मधल्या वेळेला भाजलेले दाणे, लाडू तोही दाण्याचा. डॉक्टरांनी डाळ, दूध, गोश्त, अंडा सांगितलं होतं. दाण्यांचं त्यांनी काढलं नव्हतं, कारण हैदराबादच्या डॉक्टरला आमचा उपास काय माहीत? आणि दाणे उपासाचे असतात, ते बाधतील असं आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

दुसरी गोष्ट पुडीची. आत्याबाईंनी बोटावर घेऊन चाखली. उपासाला त्या साधं मीठ घेत नाहीत, शेंदेलोणच वापरतात. "ही तर खारट लागायली," त्या म्हणाल्या. "मिठाच्याच जातीतली हाय. उपासाला चालायची न्हाई. नऊ दिवस ऱ्हाऊ दे, देवी हाय ना."

मला बरं वाटत होतं, तिखट-गोड सगळं पचत होतं. मीही पुडी ठेवून दिली.

चौथ्या की पाचव्या माळेला डोकं दुखायला लागलं. सकाळी ओकारी झाली. दुपारी मी घटाला पाणी घालायला गेले आणि माळ ओवताना मला झेंडूला काय म्हणतात ते आठवेना. मी तिथंच थांबले. मग ठरवून उजूचं नाव मनात आणायला गेले. आलं, पण उशिरा आलं.

बोरीला असं झालं तेव्हा आपल्याला काय होतंय हे मला कळत नव्हतं. आता कळत होतं, आणि ते फार भयानक होतं. मी उजूला उचलून आत्याबाईंच्या मांडीवर दिलं. म्हटलं, "हिला धरा. मला पुन्हा तेच व्हायलंय. साखरेचं पाणी द्या, अन् ती पुडी द्या."

आत्याबाईंनी उजूला घेतलं. एका बाजूला घट, एका बाजूला मी. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पुडी फोडली.

पूड पोटात ठरली नाही. परभणीला न्यायचं ठरलं, तर त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी रस्ता रोको होता आणि मालकांची गाडी डेपोतच उभी. मामांनी ओळखीची जीप काढली आणि उजूला घेऊन स्वतः घरी राहिले. गावाबाहेर रस्त्यावर दगड रचलेले, निळे झेंडे, घोषणा. जीप थांबली. मालक खाली उतरून म्हणाले, "पेशंट हाय." चार पोरांनी लगेच दगड बाजूला करायला घेतले. मला तेवढ्यात पुन्हा ओकारी आली आणि साखरपाण्याचा तांब्या माझ्या हातून सांडला.

रस्त्याकडेला बौद्धवाड्यातल्या बाया उभ्या होत्या. त्यातली एक पुढे आली. "काय पायजे?"

मी शब्द शोधत होते. मालक म्हणाले, "साखरपाणी."

ती पळत घरात गेली आणि पेला घेऊन आली. मला अंधूक आठवतं, माझं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. आत्याबाई एरवी त्या घरांतलं पाणी घेत नसत, हे त्या बाईलाही ठाऊक असणार. ती क्षणभर पेला हातात धरून थांबली. आत्याबाईंनी हात पुढे केला, पेला घेतला आणि माझ्या ओठांना लावला. "पी बाई," म्हणाल्या, "समदं पी." पेला परत देताना त्या तिला म्हणाल्या, "लय उपकार झाले, बाई."

ती म्हणाली, "उपकार कसले? जावा लवकर."

परभणीला सलाईन लागली, हैदराबादच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती, पूड नळीनं पोटात गेली. या वेळी मी पूर्ण बुडाले नाही. दसऱ्याच्या आधी घरी आले. तिथल्या डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं तेव्हा आत्याबाईंनी सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "दाण्यात पण असतंय का ते?"

"मूठभर दाण्यात वाटीभर वरणाएवढं असतं, आजी."

घरी आल्याबरोबर आत्याबाईंनी दाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

आता

या गोष्टीला काही वर्षं झाली. पुडी चालू आहे आणि बहुधा आयुष्यभर राहील. ताप आला, जेवण गेलं, की मी वाट बघत नाही, गोड पाणी घेऊन दवाखाना गाठते. उपास करत नाही. कुणी विचारलं तर आत्याबाईच परस्पर सांगतात, "तिचा उपास मी करते."

उजू शाळेत जाते. ती वरणभात आवडीनं खाते. तिला जेवताना बघत बसायचा मला छंद आहे. डॉक्टर म्हणतात, तिच्यातही हा दोष थोडा असू शकतो, मोठी झाली की तपासू, आणि बाळंतपणात तर आधीपासूनच लक्ष ठेवू. माझ्या वेळी कुणाला काही माहीत नव्हतं. तिच्या वेळी सगळ्यांना माहीत असेल. मला हे पुरेसं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. परभणीहून परत आल्यावर मी मनाची तयारी करून ठेवली होती. एकदा झालं ते झालं, आता दुसऱ्यांदा झालं, आता उजू काही माझ्याकडे येत नाही. दिवाळी गेली आणि कापूस वेचणीला आला. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तर आत्याबाई डोक्याला फडकं बांधून, वेचणीची झोळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

मी म्हटलं, "कुठं निघालात?"

"रानात. कापूस वाया जायलाय."

"अन् उजू?"

त्यांनी फडक्याची गाठ आवळली. "त्या दिवशी तुझं डोकं फिरायलं तवा तू आदी काय केलंस? लेकरू माझ्या मांडीवर आणून ठिवलंस. मला तर तवाबी काय कळलं न्हाई." मग झोळी खांद्यावर टाकत म्हणाल्या, "लेकराला जपायचं तुला माझ्यापरीस जास्ती कळतंय. भाकरी दे बांधून."

मी भाकरी बांधून दिली. त्या गेल्या. मामा बाजारात, मालक ड्यूटीवर. घरात मी आणि उजू.

थोड्या वेळानं ती पाळण्यात रडायला लागली. सवयीनं मी आधी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मी पिठाचे हात धुतले आणि जाऊन तिला उचललं.